पडत्या बाजारात हातातल्या कॉलचं काय करायचं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. ठाण्यात राहता, ऐरोलीत नोकरी. निफ्टी 25,000 वर आणि एक्स्पायरीला (मुदत संपायला) 20 दिवस असताना 25,200 चा कॉल, म्हणजे निफ्टी त्या ठरलेल्या भावाला (स्ट्राइकला) घेण्याचा हक्क, 226 रुपये प्रीमियम (किंमत) देऊन घेतला, दोन लॉट (ठरावीक संख्येचे गट). चार सत्रांत निफ्टी 24,300 वर आला आणि कॉल 66 झाला. याशिवाय डीमॅटमधल्या 500 शेअरवर एक कॉल विकलेला आहे आणि दुसऱ्या एका शेअरचा एक लॉट कॉल घेतलेला आहे. "बाजार सुधारणार हे नक्की वाटतं, मग 66 ला आणखी दोन लॉट घेऊन अ‍ॅव्हरेज करू का?"

अ‍ॅव्हरेज करू नका. बाजार सुधारेल हा तुमचा अंदाज खरा ठरला तरी करू नका. कॉल घेणाऱ्यापुढचा प्रश्न "बाजार सुधारेल का" एवढाच नसतो. उरलेल्या दिवसांत तो सुधारेल का, आणि प्रीमियममधली भीती ओसरण्याच्या वेगापेक्षा जास्त वेगाने सुधारेल का, हे बघावं लागतं. शेअर धरून ठेवणाऱ्याला या दोन्ही अटी लागू नसतात. त्यामुळे शेअरची सवय कॉलला लावली की पैसे जातात.

आकडे मांडून बघू. लॉट 65 चा धरतो. (नोव्हेंबर 2024 मध्ये निफ्टीचा लॉट 25 वरून 75 झाला, नंतर 65. ऑर्डर टाकताना लॉट तपासून घ्या.) खालचे भाव कॉलची किंमत काढण्याच्या ब्लॅक-शोल्स सूत्राने काढलेले आहेत. व्याजदर 6 टक्के आणि सगळ्या स्ट्राइकना एकच आयव्ही (पुढे वर्षाला किती टक्के चढउतार होईल, हा प्रीमियममध्ये धरलेला बाजाराचा अंदाज) धरली आहे. प्रत्यक्ष स्क्रीनवर काही रुपयांचा फरक दिसेल, पण दिशा हीच राहील.

घेताना आयव्ही 12 टक्के होती आणि भाव 226. आज 14 दिवस उरलेत, निफ्टी 24,300, आयव्ही 17 टक्के आणि भाव 66. आता हाच हिशोब आयव्ही 12 वरच राहिली असं धरून करा. उत्तर येतं 19 रुपये. म्हणजे तुम्हाला दिसणाऱ्या 66 पैकी 47 रुपये निव्वळ घबराटीचे आहेत. ठाण्याहून सावंतवाडीला जाणाऱ्या खासगी बसचं भाडं गणपतीच्या आदल्या दिवशी चढतं. बस तीच, अंतर तेच. विसर्जन झालं की भाडं आपोआप खाली येतं. पडझडीत प्रीमियमचं तसंच होतं. ज्या दिवशी बाजार वळतो, त्याच दिवसापासून हे 47 रुपये वितळायला लागतात.

समजा तुमचा अंदाज अगदी बरोबर आला. पुढच्या मंगळवारी निफ्टी 500 अंकांनी वर, 24,800 ला. एक्स्पायरीला 7 दिवस उरले आणि आयव्ही 13 वर उतरली. 25,200 च्या कॉलचा भाव येतो साधारण 52. निफ्टी 500 अंक वर जाऊनही कॉल 66 वरून 52! आज अ‍ॅव्हरेज करून चार लॉट केले असते, तर बाजार सुधारल्यावर आणखी 3,640 रुपयांचा तोटा झाला असता. हे कागदावरचं भय नाही. 4 जून 2024 ला, मतमोजणीच्या दिवशी, निफ्टी 1,379 अंकांनी पडून 21,884.50 ला बंद झाला आणि इंडिया व्हीआयएक्स (निफ्टीच्या ऑप्शनवरून काढलेला बाजाराच्या भीतीचा निर्देशांक) 26.75 वर होता. दुसऱ्या दिवशी निफ्टी 735 अंकांनी उसळला, पण व्हीआयएक्स एका दिवसात 19 च्या खाली गेला. आदल्या दिवशी लांबच्या स्ट्राइकचे कॉल घेतलेल्यांना अपेक्षेइतका भाव का मिळाला नाही, याचं उत्तर इथे आहे.

तुमच्या कॉलचे आजचे माप लक्षात ठेवा. डेल्टा 0.16, म्हणजे निफ्टी 100 अंक हलला की कॉल सुमारे 16 रुपये हलतो. थीटा, म्हणजे नुसता दिवस सरल्याने होणारी घट, दिवसाला साडेसात रुपये, शनिवार-रविवार धरून. आयव्ही एक टक्का-पॉइंट उतरली की सुमारे 11 रुपये जातात. म्हणजे आयव्ही फक्त 2 पॉइंट उतरली तर ते भरून काढायलाच निफ्टीला सव्वाशे-दीडशे अंक चढावं लागतं. डेल्टाचा आणखी एक उपयोग आहे: कॉल एक्स्पायरीला पैशात (भाव स्ट्राइकच्या वर) असण्याची शक्यता ढोबळमानाने तेवढीच असते. इथे ती सहा-सातांत एक. 226 देताना ती 40 टक्क्यांच्या वर होती. तुम्ही जो कॉल घेतला होता तो आता राहिलाच नाही. त्याच नावाचा वेगळाच व्यवहार तुमच्या हातात आहे.

बाजाराला किती अंतर कापायचं आहे, हे तोंडी हिशोबानेही कळतं. आयव्हीला 16 ने भागा, एका दिवसाची अपेक्षित हालचाल टक्क्यांत येते. 17 भागिले 16 म्हणजे सुमारे 1.06 टक्के, निफ्टीचे 255-260 अंक. दहा सत्रं उरली असतील तर त्याला दहाच्या वर्गमुळाने, म्हणजे 3.16 ने गुणा: सुमारे 815 अंक. अ‍ॅव्हरेज केल्यावर तुमची सरासरी 146 आणि एक्स्पायरीचा ब्रेक-इव्हन (ना नफा ना तोटा अशी पातळी) 25,346. म्हणजे 1,046 अंक वर. एवढ्या घबराटीतही बाजार स्वतः जितकी हालचाल धरून चाललाय, त्याहून जास्त तुम्हाला हवी आहे, तीही फक्त वरच्या बाजूला आणि फक्त मुद्दल सुटण्यासाठी.

आता काय करायचं ते. आधी पडझड कोणत्या जातीची आहे ते ओळखा, कारण उपाय त्यावर ठरतो.

पहिली जात झटक्याची. 7 एप्रिल 2025 ला निफ्टी 742.85 अंकांनी पडला आणि व्हीआयएक्स 14 च्या आतून जवळपास 23 वर गेला. आठवड्याभरात निफ्टी 23,300 च्या वर आणि व्हीआयएक्स पुन्हा 16 च्या आसपास. दुसरी जात झिरपणारी. 27 सप्टेंबर 2024 च्या 26,277 च्या उच्चांकापासून 4 मार्च 2025 च्या 21,964 पर्यंत निफ्टी महिनोन्महिने घसरत राहिला आणि व्हीआयएक्स बहुतेक वेळ 20 च्या खालीच होता. या दुसऱ्या जातीत कॉलवाले जास्त भरडले जातात, असं माझं स्पष्ट मत आहे. भीती दिसत नाही, प्रीमियम स्वस्त वाटतो, दर पंधरवड्याला दोनशे-तीनशे अंकांची उसळी येऊन आशा लावते आणि दर महिन्याला एक्स्पायरी होऊन जाते.

झिरपणाऱ्या पडझडीत दुरुस्तीच्या फंदात पडू नका, कॉल विकून मोकळे व्हा. तुमच्या दोन लॉटचे 8,580 रुपये येतात, ते घ्या. निफ्टी आधीच्या उसळीच्या माथ्याच्या वर बंद होईपर्यंत नवा कॉल नको.

झटक्याच्या पडझडीत, आणि तुमची आजची स्थिती तशीच दिसते, एक दुरुस्ती करण्यासारखी आहे. 24,700 चा कॉल एक लॉट घ्या, आजचा भाव साधारण 182. मग 25,200 चे तीन लॉट विका, 66 ला. त्यातले दोन तुमचे असलेले बंद होतात आणि एक नव्याने शॉर्ट (हातात नसताना विकलेला) उभा राहतो. तीनचे 198 आले, 182 गेले, म्हणजे खिशातून नवा पैसा जात नाही. हातात उरतो 24,700–25,200 चा एक लॉट बुल कॉल स्प्रेड, म्हणजे खालच्या स्ट्राइकचा कॉल घेतलेला आणि वरच्याचा विकलेला. आधीचे दोन लॉटचे 452 वजा आजचे 16, म्हणजे 436 ही तुमची एकूण गुंतवणूक आणि नवा ब्रेक-इव्हन 25,136. दुरुस्तीआधी तो 25,426 होता. मघाच्याच उदाहरणात निफ्टी 24,800 ला आला की हा स्प्रेड सुमारे 197 चा होतो. आज त्याची किंमत 116. म्हणजे तुमचे जुने कॉल जिथे 1,820 रुपये गमावतात, तिथे हा 5,265 रुपये परत आणतो. कारण एवढंच की आयव्ही उतरल्यावर विकलेला पायही (25,200 चा कॉल) स्वस्त होतो, घबराट ओसरण्याचं नुकसान एका बाजूने भरून निघतं.

यात सोडावं लागतं तेही सांगतो. 25,200 च्या वर काही मिळत नाही. एकूण हिशोबात जास्तीत जास्त फायदा 64 अंक, म्हणजे 4,160 रुपये. ही मुद्दल सोडवण्याची युक्ती आहे, कमाईची नाही. आणि आज बंद केलं असतं तर मिळणाऱ्या 8,580 पैकी 7,540 रुपये तुम्ही पुन्हा पणाला लावताय. निफ्टी 24,700 खाली संपला तर तेही जातील. ते चालणार नसेल तर सरळ बाहेर पडा, त्यात कमीपणा काही नाही.

ऑर्डरचा क्रम चुकवू नका. आधी खरेदी, मग विक्री. आधी तीन लॉट विकले की तिसरा लॉट उघडा शॉर्ट ठरतो आणि ब्रोकर एका निफ्टी लॉटला लाखाच्या वर मार्जिन (अनामत) मागतो. खात्यात नसेल तर ऑर्डर नाकारली जाते आणि तुम्ही अर्ध्या रस्त्यात अडकता. 1 फेब्रुवारी 2025 पासून प्रीमियमही पूर्ण आगाऊ जमा लागतो, म्हणून निदान 12,000 मोकळे ठेवा किंवा बास्केट ऑर्डर (दोन्ही सौदे एकत्र टाकण्याची सोय) वापरा. स्प्रेड सोडताना उलट क्रम: आधी शॉर्ट पाय विकत घ्या, मग 24,700 विका. स्प्रेडचे पूर्ण 500 एक्स्पायरीलाच मिळतात, पण त्यासाठी शेवटच्या दिवसापर्यंत थांबू नका. 300 च्या वर मिळाले की सोडा. एक्स्पायरीच्या दिवशी शॉर्ट इंडेक्स ऑप्शनवर 2 टक्के जादा मार्जिन लागतं, हेही एक कारण आहे.

स्टॉपलॉसबद्दल तुम्ही विचारलं नाही, पण बहुतेकांचं नुकसान तिथेच होतं. सप्टेंबर 2021 पासून एनएसईवर ऑप्शनमध्ये एसएल-मार्केट (मिळेल त्या भावाला विकणारी स्टॉपलॉस) ऑर्डर चालत नाही, एसएल-लिमिटच (ठरलेल्या हद्दीखाली न विकणारी) टाकावी लागते. लोक ट्रिगर (ऑर्डर जागी होण्याचा भाव) 150 आणि लिमिट 149 टाकतात. घसरणीत भाव 151 वरून थेट 143 वर जातो, ऑर्डर जागी होते आणि 149 ला गिऱ्हाईक नसल्यामुळे तशीच लटकते. माणूस समजतो आपण बाहेर पडलो. ट्रिगर आणि लिमिटमध्ये 10 ते 15 टक्के अंतर ठेवा: ट्रिगर 150, लिमिट 130. विक्री मिळेल त्या चांगल्या भावालाच होते, 130 ही फक्त शेवटची हद्द आहे.

रात्रीतून पडणाऱ्या गॅपपुढे (सकाळी बाजार एकदम खालीच उघडतो, त्यापुढे) मात्र कुठलाच स्टॉपलॉस चालत नाही. साधी एसएल ऑर्डर त्या दिवसापुरतीच असते, संध्याकाळी रद्द होते. सकाळी 9:15 ला तुम्ही ठाण्याच्या दहा नंबर फलाटावर ट्रान्स-हार्बरच्या गर्दीत असता, एका हातात दांडी आणि दुसऱ्या हातात फोन. त्या अवस्थेत दोन पायांचा व्यवहार उरकायला जाऊ नका. पहिली पंधरा मिनिटं खरेदी-विक्रीच्या भावात अंतर भलतंच असतं. ऑफिसात पोचून साडेनऊ-पावणेदहानंतर लिमिट ऑर्डर टाका. ज्याला सव्वानऊला स्क्रीनसमोर बसता येत नाही, त्याने रात्रभर उघडा (नुसता घेतलेला) कॉल ठेवूच नये, स्प्रेडच ठेवावा. तोटा किती होणार हे त्यात घेतानाच ठरलेलं असतं.

शिवाय स्टॉप प्रीमियमवर न लावता कॉल घेतानाच निफ्टीच्या पातळीवर ठरवा: "तासाची कॅंडल (चार्टवरची एका तासाची खूण) 24,850 खाली बंद झाली की बाहेर." पडझडीच्या सुरुवातीला आयव्ही चढत असल्यामुळे प्रीमियम कमी घसरतो आणि आपली बाजू सावरतेय असा भास होतो. 700 अंकांच्या घसरणीत तुमचं नेमकं हेच झालं.

बाजार 10 टक्के पडला तर काय, हेही माहीत असू द्या. दुपारी एकच्या आधी 10 टक्क्यांचं सर्किट लागलं तर 45 मिनिटं सगळं थांबतं, एक ते अडीच दरम्यान 15 मिनिटं, अडीचनंतर 10 टक्क्यांवर थांबत नाही. 20 टक्के पडला की दिवसभरासाठी बंद. ऑप्शनही थांबतात. 13 मार्च 2020 ला सकाळीच सर्किट लागलं, 45 मिनिटांनी बाजार उघडला आणि निफ्टी त्या दिवशी चक्क वर बंद झाला. दहाच दिवसांनी, 23 मार्चला, सर्किटनंतरही घसरण चालूच राहिली आणि निफ्टी जवळपास 13 टक्के खाली बंद झाला. म्हणून थांबलेल्या वेळात अंदाज बांधत बसण्यापेक्षा उघडल्यावर कोणत्या लिमिटला काय विकायचं ते लिहून ठेवा.

आता डीमॅटमधल्या शेअरवर विकलेला कॉल. तुम्ही लिहिलंय की शेअर 1,000 ला असताना 1,040 चा कॉल 18 ला विकला, शेअर आता 930 आणि कॉल अडीच रुपये. तो आजच विकत घेऊन बंद करा. 18 पैकी साडेपंधरा, म्हणजे 7,750 रुपये मिळाले. उरलेल्या 1,250 साठी उसळीची सगळी जोखीम डोक्यावर ठेवण्यात अर्थ नाही. नियम म्हणून 80 ते 85 टक्के प्रीमियम हाती आला की कॉल सोडवायचा. मग शेअर 970-980 पर्यंत उसळला, आयव्ही अजून चढलेली असली, की नवा कॉल विकता येतो. इथे हमखास होणारी चूक म्हणजे तोटा भरून काढायला तळाशीच 950 चा कॉल विकणं. शेअर दोन दिवसांत 990 झाला आणि एक्स्पायरीपर्यंत तिथेच राहिला, की तुमचा 1,000 चा शेअर 950 ला द्यावा लागतो, आणि तोटा कायमचा शिक्क्यानिशी पक्का होतो.

हे शेअर प्लेज करून (तारण ठेवून) मार्जिन घेतलं असेल तर दुष्काळात तेरावा महिना. शेअर पडला की तारणाची किंमत उतरते आणि त्याच दिवशी अस्थिरतेमुळे मार्जिनची मागणी वाढते. दोन्हींत सापडलं की ब्रोकर स्वतःच पोझिशन कापतो आणि ती कापणी बहुधा दिवसाच्या सर्वात वाईट भावाला होते. तारण ठेवलेले शेअर कितीही असले तरी मार्जिनचा निम्मा भाग रोखीत किंवा रोखीसारख्या तारणात लागतोच. पडझडीत लागणाऱ्या मार्जिनच्या दीडपट उपलब्ध ठेवा.

घेतलेल्या शेअर कॉलची गोष्ट निफ्टीहून वेगळी आहे, कारण शेअरच्या ऑप्शनचा निपटारा रोखीत होत नाही, डिलिव्हरीत होतो, म्हणजे प्रत्यक्ष शेअर द्यावे-घ्यावे लागतात. ऑक्टोबर 2019 पासून सगळ्याच शेअरना हे लागू आहे. पैशात असलेल्या कॉलवर एक्स्पायरीच्या चार दिवस आधीपासून डिलिव्हरी मार्जिन लागायला लागतं: 10, 25, 45, 70 टक्के असं चढत. घातक असतो तो काठावरचा कॉल. 1,000 चा कॉल, शेअर 985, भाव 80 पैसे. माणूस म्हणतो जाऊ दे, शून्य होईल. शेवटच्या दिवशी उसळी आली, शेअर 1,002 ला बंद झाला, आणि 500 चा लॉट असेल तर 5 लाखांचे शेअर घ्यावे लागतात. म्हणून शेअरचा घेतलेला कॉल, भाव कितीही फुटकळ असला तरी, एक्स्पायरीच्या निदान दोन सत्रं आधी विकून टाका. पडझडीत त्यात गिऱ्हाईक कमी असतं. खरेदीचा भाव 6.20 आणि विक्रीचा 8.40 दिसला तर मार्केट ऑर्डर न टाकता 7.30 ला लावा आणि मिनिटाभराने वीस-वीस पैशांनी खाली आणत जा.

नवा कॉल केव्हा, हा तुमचा पुढचा प्रश्न असणार. व्हीआयएक्स माथ्यावरून निदान एक-पंचमांश उतरल्याशिवाय उघडा कॉल नको. त्याआधी घ्यायचाच असेल तर स्प्रेड: आजच्या भावात 24,300 चा कॉल सुमारे 352 ला घेऊन 24,800 चा सुमारे 152 ला विकला, तर निव्वळ 200 जातात, लॉटला 13,000 रुपये. ब्रेक-इव्हन 24,500, जास्तीत जास्त मिळकत 300 अंक. पुढच्या महिन्याच्या कॉलमध्ये आयव्ही झटक्यात तेवढी चढलेली नसते, म्हणून घाई नसेल तर तो बघावा. रक्कम मात्र आधी ठरवा. 5 लाखांच्या भांडवलावर एका व्यवहाराची जोखीम 10,000. तुम्ही 29,380 रुपये एका स्ट्राइकवर लावले होते आणि पुढचे सगळे प्रश्न त्या एका आकड्यातून उभे राहिलेत. सेबीने सप्टेंबर 2024 मध्ये दिलेल्या अहवालात आर्थिक वर्ष 2022 ते 2024 या काळात फ्युचर्स-ऑप्शनमधल्या 93 टक्के वैयक्तिक व्यापाऱ्यांना तोटा झाल्याचं दिसलं. पगारदार माणसाने रक्कम ठरवताना तो आकडा नजरेसमोर ठेवावा.

आणि हा झालेला तोटा वाया घालवू नका. तो धंद्याचा तोटा धरला जातो, पगारातून वजा होत नाही, पण विवरणपत्र मुदतीत भरलं तर पुढची 8 वर्षं धंद्याच्या नफ्यातून वजा करता येतो. त्यासाठी नेहमीचा पगारदारांचा साधा फॉर्म चालत नाही, आयटीआर-3 लागतो. ब्रोकरकडून वर्षाचं नफा-तोट्याचं पत्रक एप्रिलमध्येच उतरवून घ्या.